कार्डावर 'ओ' लिहिण्याआधी : रक्तदान शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
गणेशोत्सव मंडळं, तरुण मंडळं, आणि वर्षातून एकदा तरी रक्तदान किंवा मोफत रक्तगट तपासणी शिबिर भरवणारे सर्व कार्यकर्ते

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं आहे. शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर मांडवाच्या मागच्या बाजूला, टेबलापलीकडे बसून "मधलं बोट द्या, इकडे बघू नका" म्हणणारी बाई ती मीच. ३१ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. मे महिन्यात सुट्ट्या लागल्या आणि फ्रीज रिकामा पडला की तुमच्याच अध्यक्षांना फोन करायचे, आणि कोणी कधी नाही म्हटलं नाही. त्यामुळे तुम्हाला शिकवायला बसलेय असं समजू नका. माझी तक्रार फक्त एका अक्षराबद्दल आहे. तुम्ही जे कार्ड वाटता, वर बाप्पाचा फोटो, खाली कार्यकारिणीची नावं आणि मधे रक्तगट, त्यावर 'ओ' हे अक्षर फार पटकन लिहिलं जातं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची नवरात्रातली रात्र. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही म्हणून चिठ्ठी आली, दोन पिशव्या ओ पॉझिटिव्ह. सोबत सासूबाई स्वतः आल्या होत्या आणि त्यांच्या हातात सुनेचं लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. एका मंडळाच्या मोफत तपासणीतलं. "ओ आहे हो, कॉलेजात असल्यापासून माहितेय आम्हाला." मी नमुना घेतला, अँटी-ए आणि अँटी-बी, म्हणजे ए आणि बी ओळखणाऱ्या द्रावांचे दोन थेंब टाकून पाहिले, ओच दिसत होता. मग क्रॉसमॅच लावला, म्हणजे तिच्या सिरममध्ये, पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात, पिशवीतल्या पेशी घातल्या. गुठळी झाली, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटल्या, रक्त जुळलं नाही. दुसरी पिशवी, गुठळी. तिसरी, चौथी, सहावी, तेच. ओ गटाच्या बाईला ओ गटाचं रक्त चालत नाही, असं कसं होईल? मला वाटलं सलाइन खराब असेल. बाटली बदलली. मग उलटी तपासणी लावली, तिचं सिरम एका बाजूला आणि आमच्याकडच्या ए पेशी, बी पेशी, ओ पेशी दुसऱ्या बाजूला. तिन्ही नळ्यांत घट्ट गुठळ्या. वरिष्ठ डॉक्टरांना झोपेतून उठवलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "अँटी-एच लावून बघ." (एच म्हणजे काय ते पुढे सांगते.) लावलं. आत्तापर्यंत सगळ्यांशी भांडणाऱ्या त्या रक्ताने अँटी-एचला मात्र ढुंकून पाहिलं नाही.

बाँबे होतं, म्हणजे त्या नावाचा दुर्मीळ रक्तगट. सकाळी साडेसहाला तिची धाकटी बहीण पोचली, तिचं जुळलं. बाई वाचली. मधले सहा-सात तास तिथल्या डॉक्टरांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. कार्ड देणाऱ्या मंडळाचं मी नाव घेणार नाही, कारण त्यांनी जे केलं तेच सगळीकडे चालतं.

आता हे समजून घ्यायचं तर आधी 'ओ' म्हणजे काय ते बघावं लागेल, आणि त्यासाठी साखरेकडे यावं लागेल. हसू नका. साखर म्हटलं की आपल्याला चहा, कारखाना आणि डायबिटीस एवढंच आठवतं. पण तुमचा ए, बी, ओ हा रक्तगट म्हणजे लाल पेशीच्या पृष्ठभागावर उगवलेली साखरेची छोटी फांदी आहे. पेशीवरच्या चरबीच्या आणि प्रथिनांच्या रेणूंवर या फांद्या रुजलेल्या असतात, आणि एका लाल पेशीवर त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. (तुमच्या 'ओ पॉझिटिव्ह' मधला 'पॉझिटिव्ह' मात्र प्रथिनाचा आहे, साखरेचा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आपण एका दमात बोलतो.)

फांदीच्या टोकाला गॅलेक्टोज नावाची साखर असते. दुधातल्या लॅक्टोजचा अर्धा भाग असते तीच. तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, फ्यूकोज नावाची साखर बसवतं. फ्यूकोज जरा विक्षिप्त आहे. आपल्या शरीरातल्या बहुतेक साखरा एकाच बाजूला वळलेल्या, रसायनवाले त्यांना 'डी' म्हणतात. ही 'एल', म्हणजे आरशातली, डावखुरी म्हणा. शिवाय तिच्या सहाव्या कार्बनवर जिथे ऑक्सिजन असायला हवा तिथे तो नाहीच. पण हिच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. फ्यूकोज बसली की त्या टोकाला 'एच' म्हणतात, आणि एवढ्यावरच जो थांबला तो ओ गटाचा.

ए गटाच्या माणसात आणखी एक विकर असतं. ते त्याच गॅलेक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर एन-अॅसिटिल-गॅलेक्टोसअमाइन बसवतं. बी गटाच्या माणसातलं विकर तिथे साधी गॅलेक्टोज बसवतं. या दोन साखरांत फरक किती? दुसऱ्या कार्बनवर एकीकडे नुसता हायड्रॉक्सिल गट, दुसरीकडे त्याच जागी अॅसिटिल-अमिनो गट. मोजक्याच अणूंची अदलाबदल. आणि ती बसवणारी दोन विकरं? ३५४ अमिनो आम्लांच्या साखळीत त्यांच्यात फरक आहे तो चार ठिकाणी. हे १९९० साली कळलं. ओ गटाच्या माणसात हेच विकर जनुकातलं एक अक्षर गळाल्यामुळे मोडकं निघतं, म्हणून फांदी एचवरच राहते. एवढ्याशा फरकापायी चुकीची पिशवी लागली तर माणूस जातो. शिरा भरून वाहणाऱ्या पेशी काही मिनिटांत फुटायला लागतात.

दहीहंडीच्या भाषेत सांगते. खालचे थर लागले, त्यावर फ्यूकोज चढली, मग वरचा गोविंदा चढणार. फ्यूकोज चढलीच नाही तर? ए किंवा बीचं विकर अगदी धडधाकट असलं तरी फ्यूकोज नसलेल्या टोकाला ते हात लावत नाही. दाखला इथे थोडा तोकडा पडतो, कारण खरं तर दोघी एकाच गॅलेक्टोजच्या दोन खांद्यांवर बसतात, पण क्रम तोच. फ्यूकोज बसवणारं विकरच ज्याच्यात बिघडलेलं आहे, त्याच्या पेशीवर ए नाही, बी नाही आणि एचसुद्धा नाही. तो बाँबे. स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बी टाकलं की काहीच होत नाही, म्हणून तुम्ही लिहिता 'ओ'. वरून दोघेही सारखेच दिसतात, पण ओकडे एच आहे आणि याच्याकडे तोही नाही. म्हणून त्याचं शरीर एचलाच परकं समजतं. जगातल्या प्रत्येक ए, बी, एबी आणि ओ माणसाच्या पेशीवर कमीजास्त एच असतोच. याला चालतं ते फक्त दुसऱ्या बाँबेवाल्याचं रक्त.

शिबिरात मला हमखास विचारतात, "पण मॅडम, आयुष्यात कधी रक्त चढवलेलंच नाही, मग दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी आल्या कुठून?" याचं उत्तर पोटात आहे. आतड्यातल्या कित्येक जिवाणूंच्या अंगावर ए आणि बीसारख्याच साखरा असतात. बाळ काही महिन्यांचं झालं की शरीर त्यांना ओळखायला शिकतं, आणि ज्या साखरा आपल्याकडे नाहीत त्यांच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पहिल्या चुकीच्या पिशवीलाच जो दणका बसतो तो या जुन्या तयारीमुळे.

दुसरा ठरलेला प्रश्न मधुमेहींचा. "शुगर वाढली तर रक्तगट बदलतो का?" नाही बदलत. पण प्रश्न वाटतो तेवढा खुळा नाही. तुमच्या एचबीएवनसी या तपासणीत जे मोजतात ती हिमोग्लोबिनला चिकटलेली ग्लुकोजच असते. ती कोणाला न विचारता, विकराशिवाय, रक्तात जास्त झाली म्हणून चिकटते. रक्तगटाची साखर तशी चिकटत नाही. तिला नेमलेलं विकर नेमलेल्या कार्बनवर, नेमलेल्या दिशेने बसवतं. एक भिंतीवर उडालेला गुलाल, दुसरी मोजून काढलेली रांगोळी.

आता कुळथाची गोष्ट. कोकणातल्या मंडळांनो, तुमच्या घरी पिठी होते ते कुळीथ. देशावरच्यांनो, तुमचे हुलगे, माडग्याचे. १९५१ साली भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं की कुळथाच्या अर्कात माणसाच्या ए गटाच्या लाल पेशींच्या गुठळ्या करणारा पदार्थ आहे. तो एक प्रथिन आहे, अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात, आणि त्याला ओळखता येते नेमकी ती एन-अॅसिटिल-गॅलेक्टोसअमाइन. बी आणि ओच्या पेशी त्याच्या लेखी नाहीतच. ए गटातही ए-वन आणि ए-टू असे पोटभेद आहेत. कुळथाचा अर्क योग्य प्रमाणात पातळ केला की ए-वनला धरतो, ए-टूला सोडतो. आजही रक्तपेढीत 'अँटी-ए-वन लेक्टिन' म्हणून जी कुपी येते तिच्यात बहुतेक वेळा कुळीथच असतो. आमच्या पेढीत नवीन मुलगी रुजू झाली की मी घरून मूठभर कुळीथ आणायचे, वाटून मिठाच्या पाण्यात भिजवायचे, गाळायचे आणि तिच्यासमोर ए-वनच्या पेशींवर थेंब टाकायचे. मिनिटभरात लाल वाळू. पोरगी दुसऱ्या दिवशी डब्यात पिठी आणायला घाबरायची! घाबरू नका, शिजवलं की ते प्रथिन मोडतं.

अँटी-एचसाठी जी कुपी वापरतात तीही बियांचीच, युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाची. साहेबांनी ते निलगिरीत आणलं आणि तिथे आता ते आवरता आवरत नाही. तर त्या बियांतल्या लेक्टिनला फ्यूकोज ओळखता येते. बाँबेच्या पेशीवर फ्यूकोज नाही, म्हणून त्या रात्री माझ्या नळीत काही झालं नाही.

रक्तगट म्हणजे साखर, हे कळलं कसं? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी वर्षानुवर्षं खपून ते शोधलं. पेशीवर हा माल इतका थोडा असतो की त्याचं पृथक्करण त्या काळी अशक्य होतं. पण अंडाशयात होणाऱ्या मोठ्या गाठींच्या पाण्यात तोच पदार्थ भरपूर सापडतो, तो त्यांनी वापरला. आणि एक युक्ती केली, जी मला आजही फार आवडते. गुठळी करणारा द्राव घ्यायचा, त्यात आधी एकेक सुटी साखर विरघळवायची आणि मग पेशी घालायच्या. जी साखर घातल्यावर गुठळी व्हायची थांबते, तीच पेशीवरची खूण. द्रावातल्या रेणूंनी सुटी साखरच धरून ठेवली, मग पेशी धरायला हात मोकळे कुठे? एचच्या बाबतीत गुठळी थांबवली फ्यूकोजने. कुलूप न तोडता किल्ली कुठली ते सांगण्याचा हा प्रकार.

आणि याच जोडीची नावं १९५२ सालच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातल्या एका दोन पानी निबंधावर आहेत. त्यावर पहिलं नाव आहे मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत देशपांडे आणि भाटिया, आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमध्ये तीन माणसं सापडली होती, ज्यांच्या पेशी कुठल्याच सिरमला दाद देत नव्हत्या आणि ज्यांचं सिरम मात्र सगळ्यांच्या पेशींची गुठळी करत होतं. पुढे जगाने त्या गटाला शहराचं नाव दिलं. शहराचं नाव १९९५ साली मुंबई झालं, रक्तगट बाँबेच राहिला. आपल्याकडे नावांवरून एवढी आंदोलनं होतात, याकडे कोणाचं लक्ष कसं गेलं नाही, देव जाणे.

हा गट युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा धरतात, त्यातही महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र या पट्ट्यात जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने महाराष्ट्रात अकरा हजारांच्या आसपास माणसं बाँबे गटाची असायला हवीत. त्यांपैकी बहुतेकांना ते माहीत नाही. त्यांच्या खिशात, शाळेच्या ओळखपत्रावर, लायसन्सवर, लग्नाच्या बायोडेटात लिहिलंय 'ओ'. दर तीन माणसांत एक ओ असतो, म्हणजे तुम्ही वाटलेल्या तीन-साडेतीन हजार 'ओ' कार्डांत एक चुकलेलं असण्याची शक्यता धरा. मोठ्या मंडळाचं हे काही वर्षांचं वाटप झालं.

बायोडेटावरून आठवलं. ज्याच्यात फ्यूकोजचं विकर बिघडलंय त्याच्याकडे ए किंवा बीचं जनुक शाबूत असू शकतं, फक्त ते दिसत नाही. ते मुलाकडे जातं, मुलाला दुसऱ्या पालकाकडून फ्यूकोजचं चांगलं जनुक मिळतं, आणि मूल उघडपणे ए निघतं. मग आई 'ओ', बाप 'ओ', मूल 'ए'. शाळेत दहावीपर्यंत शिकलेला कोणीही सांगेल की असं होऊ शकत नाही. पुढे त्या घरात त्या बाईवर काय काय बोललं जातं ते मी काउंटरच्या पलीकडून ऐकलेलं आहे. असे नवरा-बायको मी दोनदा पाहिले. एकदा लिहिताना चूक झालेली निघाली, एकदा खरोखर बाँबे निघालं आणि नवरा खुर्चीवर बसून रडला. तेव्हा कार्डावरचं अक्षर फक्त ऑपरेशन थिएटरमध्येच लागतं असं समजू नका.

फ्यूकोज नाही म्हणून या माणसांना काही आजार असतो का? नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या बाँबे माणसात बिघाड एवढाच असतो की लाल पेशीवर आणि लाळेसारख्या स्रावांत एच बनवणारी दोन विकरं काम करत नाहीत. बाकी ठिकाणची फ्यूकोज जागेवर असते. ती सगळीकडेच नसली तर काय होतं हेही पाहायला मिळालेलं आहे. १९९२ साली इस्रायलमधल्या दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. रक्तगट बाँबे, पण सोबत सारखे जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ, आणि जखमेत पू होतच नव्हता. पांढऱ्या पेशी रक्ताच्या धारेतून वाहताना नळीच्या भिंतीला पकडतात ते फ्यूकोज असलेल्या एका साखरेच्या दांड्याने, चालत्या लोकलचा दांडा पकडावा तसं. या मुलांच्या पेशींना दांडाच नव्हता, त्या संसर्गापाशी उतरूच शकत नव्हत्या, पुढच्या स्टेशनला निघून जायच्या. नंतर कळलं की फ्यूकोज पेशीच्या कारखान्यात आत नेणारा वाहकच मोडलेला होता. अशा एका मुलाला पुढे तोंडावाटे फ्यूकोज देऊन पाहिली, आणि संसर्ग आटोक्यात आले. औषध म्हणून साखर. हे मला कळलं त्या दिवशी मी चहा गार होईपर्यंत नुसती बसून होते.

काही हुशार मुलं म्हणतील, विकराने साखर बसवता येते तर काढताही येईल. येते ना. कच्च्या हिरव्या कॉफीच्या बियांतलं एक विकर बी पेशीवरची शेवटची गॅलेक्टोज कापतं. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये असं बीचं ओ केलेलं रक्त थोड्या प्रमाणात माणसांना देऊनही पाहिलं. २०१९ मध्ये कॅनडात आणि २०२४ मध्ये डेन्मार्क-स्वीडनमध्ये माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंची आणखी जोरदार विकरं सापडली आहेत. उद्या सगळ्याच रक्ताचं ओ करता येईल अशी त्यांची आशा. पण ओ म्हणजे एच. बाँबेवाल्याच्या उपयोगाचं ते उद्याही नाही. त्याला त्याचाच माणूस लागणार, आणि तो माणूस आधी ओळखलेला असायला लागणार.

म्हणून आता तुमच्याकडे मागणं.

जिथे रक्त घेऊन पिशवी रक्तपेढीत जाते तिथे प्रश्न कमी आहे. पेढीत दोन्ही बाजूंनी तपासणी करायचीच असते, पेशीचीही आणि सिरमचीही. त्रास आहे तो मोफत रक्तगट तपासणीचा. दोन थेंब, एक स्लाइड, दोन मिनिटं, आणि लगेच लॅमिनेशन. हे बंद करा असं मी म्हणत नाही. पण ज्याचा गट स्लाइडवर ओ आला त्याच्या दंडातून दोन मिलिलिटर रक्त घ्या, नळीवर नाव आणि फोन नंबर लिहा आणि नमुने ज्या रक्तपेढीशी तुमचं ठरलंय तिथे पाठवा. तिथे ओ पेशी घालून उलटी तपासणी होईल. तोवर कार्ड देऊ नका, द्यायचंच असेल तर त्यावर 'प्राथमिक' असं लिहा. ओ पेशींसोबत गुठळी झाली तर पुढचं काम अँटी-एचचं, आणि तेही संशयास्पद वाटलं तर परळला के.ई.एम.च्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, दुर्मीळ गटांचं काम तिथे चालतं. खर्चाचं म्हणाल तर स्पीकरच्या भाड्यात बसेल.

बाँबे सापडला तर त्याला एकट्याला सोडू नका. त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलवा. हा दोष आई-बाप दोघांकडून आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक भावंड बाँबे असण्याची शक्यता चारात एक. अनोळखी माणसांत दहा हजारांत एक शोधण्यापेक्षा हे फार सोपं. माझ्या त्या बाईला बहिणीनेच वाचवलं. या लोकांना उगाच दर तीन महिन्यांनी रक्त द्यायलाही बोलवू नका. साध्या पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात, जास्तीचा द्राव घातला तर ४२. कोणाला लागली नाही तर ती पिशवी फुकट जाते आणि माणूस पुढचे ९० दिवस देऊ शकत नाही, बाई असेल तर १२०. त्यांचं नाव, गाव, फोन पेढीकडे नोंदलेला असू दे, गरज पडली की हाक मारा. आणि ती यादी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मी एका माणसाला ओळखते, ज्याला दोन वर्षांपूर्वीच्या मेसेजवरून अजून फोन येतात. पेशंट केव्हाच बरा होऊन घरी गेलाय. शेवटी त्याने नंबर बदलला, म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा तो आम्हालाही सापडणार नाही.

आणखी एक, कार्डाच्या छपाईचं. पुस्तकात या गटाला ओच्या पायाशी छोटा एच काढून दाखवतात. कार्डावर तसं लिहू नका, घाईत फक्त ओ वाचला जातो. 'बाँबे' असं पूर्ण लिहा, लाल शाईत लिहा, आणि खाली ओळ टाका : ओ गटाचं रक्त देऊ नये.

मी अजून येते शिबिरांना, गुडघे दुखतात पण येते. येताना कुळीथ घेऊन येईन, ज्यांना बघायचंय त्यांना दाखवेन. फक्त टेबल सावलीत लावा. गेल्या वर्षी मांडवाच्या कडेला उन्हात लावलं होतं. उन्हात स्लाइड भराभर वाळते आणि कडेने वाळलेलं रक्त हुबेहूब गुठळीसारखं दिसतं.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ